जाहीर आवाहन : बंदूक चोरीला गेली तर आधी पोलीस ठाणे गाठा

शस्त्रपरवानाधारक बंधू-भगिनींनो आणि शस्त्रविक्रेत्या सहकाऱ्यांनो,

परवान्याची बंदूक किंवा काडतुसे चोरीला गेली, हरवली, तर जवळच्या पोलीस ठाण्यात विनाविलंब खबर द्यायची, ही परवान्याचीच अट आहे. पण परवान्यावरच्या अटी वाचतो कोण? नूतनीकरणाची तारीख तेवढी बघून आपण परवाना कपाटात ठेवून देतो. म्हणून हे जाहीरपणे लिहावे लागते आहे.

मी याच धंद्यातला. दुकानात येऊन लोक हलक्या आवाजात विचारतात, "बंदूक जागेवर नाही. दोन-चार दिवस शोधून बघू का? परवाना तर जाणार नाही ना?" ही भीती खरी आहे. चौकशी होणार, कपाटाला कुलूप होते का, किल्ली कोणाकडे होती, हे विचारणार. हलगर्जीपणा दिसला तर कारवाईही होऊ शकते. पण चोरी दडवणे हा तर अटीचा सरळसरळ भंग आहे आणि अटभंगासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. शिवाय तुम्ही माळा धुंडाळत असता, तेवढ्या वेळात ती बंदूक जिल्ह्याबाहेर गेलेली असते. उद्या ती एखाद्या दरोड्यात सापडली, तर नळीवरच्या नंबरावरून पोलीस पहिल्यांदा तुमच्याच दारात येतील. तेव्हा तुमच्या हातात आधी दिलेल्या फिर्यादीची प्रत असलेली बरी.

प्रवासात चोरी झाली तर गावी परतेपर्यंत थांबू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात खबर देता येते, आणि नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. खबर देताना बंदुकीचा नंबर, बोअर, बनावट, परवाना क्रमांक आणि यूआयएन (विशिष्ट ओळख क्रमांक) लागतो. हे सगळे वेगळ्या कागदावर उतरवून बंदुकीपासून लांब ठेवा, कारण बऱ्याच घरांत परवाना बंदुकीच्याच पिशवीत असतो आणि तिच्याबरोबरच जातो.

आता माझ्या सहकाऱ्यांशी थोडे स्पष्ट बोलतो. घरातून गेली तर एक बंदूक जाते. आपले दुकान फुटले तर किती जातील, याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या रॅककडे बघून करावा. निवडणुकीच्या आचारसंहितेत तर गिऱ्हाइकांनी जमा केलेली हत्यारेही आपल्याकडे असतात. शटर ओढण्याआधी प्रत्येक बाराबोर, प्रत्येक रिव्हॉल्व्हर हातात घेऊन तिच्यावरचा नंबर वाचायचा आणि स्टॉक रजिस्टरातल्या नंबराशी ताडायचा. नुसते नग मोजून भागत नाही. जमा केलेली बंदूक विक्रीच्या रांगेत उभी राहिली तरी बेरीज बरोबर येते. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवा. उघडलेल्या डब्यातली तर एकेक मोजा.

आणि मोजणीत काडतुसे कमी भरली, तर रजिस्टर 'जुळवून' घेऊ नका. मोजताना चूक झाली असेल, असे म्हणून आकडा खोडला की चोरीचा पहिला पुरावा आपणच पुसला. नोकरावर संशय आहे, त्याची अब्रू जाईल, म्हणून गप्प बसणारे मालकही असतात. त्यांची माणुसकी मला कळते, तरी निर्णय चुकीचाच म्हणेन. तपास करणे पोलिसांचे काम आहे. आपले काम तूट जशी आहे तशी लिहून ताबडतोब ठाण्यात आणि परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला कळवणे. जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी, आयुक्तालयाच्या शहरात पोलीस आयुक्त.

कोकणात शेतीसंरक्षणासाठी घेतलेल्या ठासणीच्या बंदुका अनेक घरांत आहेत. आजोबा गेले, बंदूक खुंटीला तशीच राहिली, परवाना कोणाच्याच नावावर नाही, असे होते. अशी बंदूक चोरीला गेली की घरचे तोंडच उघडत नाहीत. खरे तर परवानाधारक वारल्यावर शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ नुसार बंदूक वेळ न घालवता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो, पण परवाना हाती येईपर्यंत ती घरात ठेवता येत नाही.

ज्यांच्याकडे बंदूक नाही त्यांनाही सांगणे आहे. कोणी स्वस्तात, कागदांशिवाय, नंबर घासलेले हत्यार विकायला आणले तर हात लावू नका. नंबर खोडणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि शस्त्र अधिनियमाखालच्या गुन्ह्याची माहिती असेल तर ती पोलिसांना देणे कलम ३६ ने प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. ११२ वर फोन करा.

परवानाधारकांनो, आजच कपाट उघडा, बंदुकीचा नंबर परवान्याशी ताडून पाहा आणि काडतुसे मोजा. काही कमी असेल तर आजच ठाण्यात जा.

– एक परवानाधारक शस्त्रविक्रेता