पाणी चाखून मासा

अर्नाळ्याची कोळीण सकाळी ओट्यावर टोपली उतरवते, बोंबील-मांदेलीचे वाटे लावते, सासूबाईंशी भावावरून रीतसर भांडते आणि जाताजाता हॉलमधल्या काचेच्या टाकीकडे एक नजर टाकते. परवा तिने शेवटी विचारलंच, "ताई, कालवणाला नाय, सुकवायला नाय, मग ठेवलेत कशाला?" आतून सासूबाई म्हणाल्या, "वाट्याएवढे होऊ दे गं, मग बघू."

वसईतल्या वटारसारख्या गावात शोभेचे मासे पाळायचे म्हणजे असली बोलणी खावीच लागतात. समुद्र हाकेच्या अंतरावर, वाडीत विहीर, वाडीमागे बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, आणि आम्ही मासे आणतो नालासोपाऱ्याहून, पिशवीत पाणी भरून, बसमध्ये मांडीवर सांभाळत!

ती पहिली खेप आठवली की अजून ओशाळायला होतं. लेक पाचवीत गेली तेव्हा तिला दोन फुटी टाकी घेऊन दिली. स्टेशनजवळच्या दुकानात एका दुपारी आम्ही दोन गोल्डफिश, दोन एंजल, सहा निऑन टेट्रा, एक 'शार्क' आणि एक 'सकर' उचलले. सकर टाकी साफ ठेवतो, असं दुकानदार म्हणाला. वनस्पतींच्या तीन जुड्याही घेतल्या. घरी आल्यावर विहिरीच्या पाण्याने टाकी भरली आणि सगळ्यांना एकदम आत सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या जुड्या उपटून वर तरंगत होत्या. गोल्डफिशला वाळू उकरायची सवय असते, हे तेव्हा कळलं. तिसऱ्या दिवशी निऑन गेले. तो बिचारा शार्क या काचेवरून त्या काचेवर नाक आपटत होता. आठवड्याने टाकीत एकटा सकर उरला. लेकीने निऑनना जास्वंदीखाली पुरलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सासरे हे सगळं झोपाळ्यावरून पाहत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "ते मासे मूळचे कुठल्या पाण्यातले?"

हा प्रश्न दुकानात ना दुकानदाराने मला विचारला, ना मी त्याला. सासऱ्यांचा जन्म वाडीत गेला. कुठल्याही विहिरीचं पाणी ते आधी ओंजळीत घेऊन जिभेवर ठेवतात आणि मग सांगतात, हे नारळाला चालेल, पानवेलीला नाही. रोप कितीही देखणं असो, पाणी चाखल्याशिवाय ते लावायचं नाही. माशाच्या बाबतीत मात्र आम्ही रंग बघून पिशवी भरली होती.

तर आमचं पाणी. वटारच्या घरात दोन पाणी असतात. एक विहिरीचं. समुद्राकाठच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरचं वाजवीपेक्षा जास्त उपसलं की खालचं खारं वर सरकतं. पंप आले, मग टँकर आले, आणि वसईच्या हिरव्या पट्ट्यातल्या कितीतरी विहिरी मचूळ झाल्या. शेजारच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत या उपशाविरुद्ध उभे राहिले, ते उगाच नव्हे. आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायला दोन शिट्ट्या जास्त लागतात आणि साबणाला फेस येत नाही. दुसरं पाणी नळाचं, सूर्या धरणातून येणारं. ते पावसाचंच, मऊ. फक्त त्यात क्लोरीन असतो. बादली एक दिवस उघडी ठेवली की तो बराचसा उडून जातो.

निऑन टेट्रा हा अॅमेझॉनच्या जंगली ओढ्यांतला. पालापाचोळा कुजून चहासारखं झालेलं, जवळजवळ क्षार नसलेलं मऊ पाणी, हे त्याचं माहेर. त्याला आमच्या विहिरीत घालणं म्हणजे पानवेल मिठागराच्या बांधावर लावणं. उलट गप्पी, प्लॅटी आणि मोली या मंडळींना जड पाणी मानवतं. मोली तर खाडीच्या मचूळ पाण्यातही मजेत राहते. म्हणून विहिरीचंच पाणी वापरायचं असेल तर या तिघांपुढे जाऊ नये, आणि त्यातही फक्त नर घ्यावेत. गप्पीची मादी महिन्यागणिक पिल्लं देते. दोन महिन्यांत टाकीची चाळ होते. ज्या गप्पींना आपण डासांच्या अळ्या खायला गटारात सोडतो, त्यांचं नाव त्रिनिदादच्या रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थावरून पडलंय. लेकीला वाटायचं, मासे गप्पा मारतात म्हणून गप्पी. मला तिचीच व्युत्पत्ती जास्त पटते.

पाण्याखालोखाल प्रश्न जागेचा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच म्हणजे हिशेबाने ५६ लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी उरतं ४५ लिटरच्या आसपास. एवढ्या जागेत दीड-दोन इंचांचे आठ-दहा मासे सुखाने राहतात. दर इंचाला अमुक लिटर असं एक गणित दुकानातून सांगतात, ते डोळे मिटून मानू नये. एक-एक इंचाचे दहा मासे आणि दहा इंचांचा एक मासा या सारख्या गोष्टी नव्हेत. शिवाय दुकानात दिसतं ते पिल्लू असतं. तो दोन इंची 'शार्क' हा मुळात शार्क नव्हेच, तो मेकाँग नदीतला पंगास, वाढला तर मीटरभराचा. हॉटेलात 'बासा' म्हणून जे पांढरं, बिनकाट्याचं मांस मिळतं, ते बहुतेक वेळा याचंच. म्हणजे कोळणीचा प्रश्न अगदीच वावगा नव्हता. सकरही दीड फुटापर्यंत जातो. मग लोक काय करतात? तळ्यात नेऊन सोडतात. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात आज हे काटेरी, चिलखती सकर येतात, जाळी फाडतात आणि बाजारात त्यांना कोणी विचारत नाही. आमचा सकर मी एका मोठ्या टाकीवाल्याला फुकट देऊन टाकला. बावखल पन्नास पावलांवर होतं, मोहही झाला होता, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या वेळी आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली. आधी झाडं, मग महिन्याने मासे. तळाला वाडीतली माती दोन बोटं, वर जाड रेती. वालिसनेरियाच्या फिती मागच्या बाजूला आणि पुढे क्रिप्टोकोराइन. क्रिप्टोकोराइनमधली पीळदार फुलांची एक जात, स्पायरॅलिस, आपल्या पश्चिम किनाऱ्यालाच ओढ्याकाठी उगवते. परदेशातले शौकीन तिच्यासाठी पैसे मोजतात. नळाचं पाणी भरलं आणि थांबलो. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो विषारी. त्याचं आधी नायट्राइट आणि मग झाडांच्या खताचं नायट्रेट करणारे जिवाणू रेतीत आणि फिल्टरच्या स्पंजात वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या खेपेला आमचे मासे मेले ते जितके विहिरीच्या पाण्याने, तितकेच या घाईने. लेक रोज शाळेतून आल्यावर रिकाम्या टाकीपुढे बसायची आणि विचारायची, "आज आले का गं जिवाणू?"

या काळात माझ्याकडून एक आगाऊपणा झाला. बावखलातलं थोडं शेवाळ आणि हायड्रिला उचलून टाकीत टाकली. फुकटची हिरवाई. पुढे चार छोटे गप्पी सोडले तेव्हा रोज एक कमी व्हायला लागला. एका रात्री बॅटरी मारून पाहिलं तर रेतीवर मातकट रंगाचा, सहा पायांचा, बोटाच्या पेराएवढा एक प्राणी दबा धरून बसलेला. बघता बघता त्याच्या तोंडाखालून घडीचा जबडा चिमट्यासारखा पुढे आला आणि मागे गेला. चतुराची अळी! पावसाळा सरताना वाडीवर भिरभिरणारे ते गोजिरवाणे चतुर लहानपणी पाण्याखाली असे वाघ असतात. तिला चहाच्या गाळणीने उचलून परत बावखलात पोचवलं.

मग मासे. झाडांच्या टाकीला असा मासा हवा जो झाड उपटणार नाही, खाणार नाही, पानांच्या आडोशाने राहील आणि आमच्याकडचा उन्हाळा सोसेल. मे महिन्यात टाकीचं पाणी तीस अंशांच्या वर जातं आणि पावसात दिवे गेले की फिल्टर तासन् तास बंद. रात्री झाडंही माशांसारखीच प्राणवायू ओढतात, त्यामुळे पहाटे कसोटी लागते. हे सगळं जमणारे मासे आपल्याच देशात आहेत. बंगाल-आसामच्या शेवाळलेल्या डबक्यांतली हनी गौरामी गरज पडली की पृष्ठभागावर येऊन थेट हवेतला श्वास घेते. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेच्या माशांवर १८२२ साली जो ग्रंथ छापला, त्यात ती आहे, आणि निळ्या पट्ट्यांचा झेब्रा डानिओही आहे. हाच झेब्रा आज कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या प्रयोगशाळेतही पोहतो. मात्र तो चळवळ्या, एकटा-दुकटा ठेवू नये; सहा तरी हवेत. आणि टाकीला झाकण हवं, कारण उडी मारतो.

हनी गौरामीचं शास्त्रीय नाव ट्रायकोगास्टर चुना. हे मी मोठ्याने वाचलं आणि झोपाळा थांबला. "चुना? मग पानं आपल्या वाडीतली, आता काथ-सुपारी तेवढी आणा," सासरे म्हणाले. त्या दिवसापासून घरात त्या माशांना चुना हेच नाव आहे.

सध्याची जमवाजमव अशी: सहा झेब्रा, तीन चुना, एवढंच. लेकीला याशिवाय एक फायटर हवाय. लांब शेपटाचा नर फायटर देखणा खरा, पण तो एकट्याने, वेगळ्या टाकीत. झेब्रे त्याची शेपटी कुरतडतील आणि चुन्याला तो भाऊबंद समजून मारेल. नाही म्हणून सांगितलंय. बावखलाच्या काठी सकाळी पाण्यालगत डोक्यावर चांदीचा ठिपका मिरवणारे मासे दिसतात, पंचाक्स जातीचे. ते आणू या असंही म्हणून झालं. पण ते बोटभर लांब होतात आणि तोंडात मावेल ते गिळतात. ते तिथेच बरे, डासांच्या अळ्या खात.

गेल्या रविवारी कोळीण आली तेव्हा तीनातला एक चुना रंगात आला होता: अंग केशरी, गळा काळाभोर. तरंगत्या पानाखाली तो तोंडाने एकेक बुडबुडा आणून चिकटवत होता. तिने टोपली खाली ठेवली आणि पदराने घाम टिपत वाकून पाहिलं.

"काय करतोय तो?"

"घर बांधतोय, अंड्यांसाठी," लेक म्हणाली.

"आणि ती कुठे हाय?"

लेकीने वालिसनेरियाच्या मागे बोट दाखवलं. कोळीण बराच वेळ तिथेच उभी होती. ओट्यावर मांजराने एक मांदेली लांबवली, तेव्हा कुठे ती भानावर आली.