आकडा खरा की धाप?

दौलताबादच्या किल्ल्याच्या पायऱ्या झपाझप चढताना मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले, तर एक गंमत दिसते. धाप आधी लागते, आकडा नंतर वाढतो. हृदयाचे ठोके श्रमाच्या थोडे मागून वाढतात आणि मनगटावरचा सेन्सर आणखी थोडा मागे असतो. मग धावताना विश्वास कोणावर ठेवायचा, आकड्यावर की धापेवर?

ठोके मोजून धावणाऱ्यांचा सारा हिशेब ‘२२० वजा वय’ या सूत्रावर उभा असतो. पण हे सूत्र सरासरीचे आहे. पंचेचाळिशीतल्या व्यक्तीसाठी ते कमाल १७५ ठोके सांगते. प्रत्यक्षात कोणाचे १६० असतात, कोणाचे १९०. एकासाठी सहज असलेला वेग दुसऱ्याला दमवतो. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा. घामावाटे पाणी जाते, त्वचेकडे जास्त रक्त वळते आणि तोच वेग राखायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. अपुरी झोप आणि तापही आकडा वाढवतात. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी घेणाऱ्यांचे ठोके मात्र ती गोळीच रोखून धरते. त्यांनी सूत्रातला आकडा गाठायचा हट्ट धरणे धोक्याचे आहे.

म्हणून शरीराचा अंदाज अवैज्ञानिक ठरत नाही. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाच्या जाणिवेसाठी ६ ते २० अशी मोजपट्टीच तयार केली. निरोगी तरुणाने सांगितलेल्या अंकाला दहाने गुणले की ठोक्यांचा ढोबळ अंदाज मिळतो. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट ती आजही वापरतात.

पण जाणीवही फसवते. नवखा माणूस सोबत्यांच्या नादाने धावतो आणि दमलो हे कबूल करत नाही. ‘आरामात धावतोय’ म्हणणाऱ्याचे ठोके १७० वर असू शकतात. अशा वेळी घड्याळ त्याला भानावर आणते. रोज सकाळी उठल्याबरोबर मोजलेली नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त लागली, तर त्या दिवशी विश्रांती घेणेच शहाणपणाचे.

तेव्हा क्रम असा हवा: आधी बोलून पाहावे, मग आकडा बघावा. दौलताबादहून खुलताबादकडे जाणाऱ्या घाटात सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर वेग बेताचा आहे. दोन शब्दांनंतर श्वास अडखळत असेल, तर घड्याळ काहीही म्हणो, चालायला लागावे. आठवड्यातले बहुतेक धावणे बोलता येईल इतक्याच वेगाचे असावे.

आणि छातीवर दाब आला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, चक्कर आली, तर आकडा बघायचाच नाही. थांबायचे आणि लगेच दवाखाना गाठायचा. चाळिशीनंतर धावणे सुरू करणाऱ्यांनी, विशेषतः घरात हृदयविकार असेल तर, घड्याळाच्या आधी डॉक्टरकडे जाऊन तपासणीवर पैसे खर्च करावेत.