कौतुक हवंच, पण खरं हवं

दर वर्षी २७ फेब्रुवारी, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, जवळ आला की गावोगावी काव्यस्पर्धांची धांदल उडते. वाचनालय, महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, कुणीच मागे नसतं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून तर उत्साहाला आणखी एक निमित्त झालं. चांगलीच गोष्ट आहे. पण या स्पर्धांत लिहिणाऱ्या बाईच्या पदरात नेमकं काय पडतं? प्रमाणपत्र, गुलाबाचं फूल आणि एक फोटो. बस्स?

हा प्रश्न मला पडला तो माझ्याच एका चुकीमुळे. आमच्या मंडळाच्या स्पर्धेत मी परीक्षक होते. मराठी घेऊन बी. ए. केलेलं, तेवढ्या भांडवलावर मंडळानं ती खुर्ची दिली. पहिला नंबर मी एका गोड कवितेला दिला. यमक चोख, अक्षर मोत्यासारखं, चांदणं, प्राजक्त, पाऊस सगळं जागच्या जागी. दुसरी एक कविता पाण्याच्या टँकरची होती. रात्री रांगेत लावलेले हंडे, ते राखत बसलेली मुलगी आणि सकाळी बुडलेली तिची शाळा. यमक दोन ठिकाणी तुटलं होतं, शुद्धलेखनाचा तर आनंदच. मी ती बाजूला ठेवली. आज पहिल्या नंबराच्या कवितेतलं मला काही म्हणजे काही आठवत नाही. ती हंडे राखणारी मुलगी मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

पुढं ती कविता लिहिणारी बाजारात भेटली. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, ‘‘ताई, नंबराचं काही नाही हो. पण चुकलं कुठं तेवढं तरी सांगायचं.’’ मला काही उत्तरच सुचेना. आम्ही सगळ्यांना टाळ्या दिल्या होत्या, सगळ्यांना प्रमाणपत्रं दिली होती. तिची कविता नीट वाचून तिच्याशी दोन शब्द बोलायला मात्र कुणालाच वेळ नव्हता.

मैत्रिणींनो, बायकांना कविता नवीन नाही. जात्यावर दळता दळता आपल्या आज्या-पणज्यांनी किती ओव्या रचल्या! साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये त्या गोळा केल्या. पुढं हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. तिथं परीक्षक नव्हता की नंबर नव्हता. पण पारख होती. जी ओवी मनाला भिडली, ती शेजारणीनं उचलली, लेकीनं सासरी नेली. जी भिडली नाही, ती तिथंच विरली.

बहिणाबाई चौधरींचंच बघा. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करता करता त्या गाणी म्हणत. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर यांनी ती उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकात आली. शुद्धलेखनाचे गुण कापणाऱ्या माझ्यासारख्या परीक्षकाच्या हाती ती खानदेशी बोलीतली गाणी पडली असती, तर काय झालं असतं? विचार केला तरी अंगावर काटा येतो.

म्हणून मग सगळंच ‘वा वा’ म्हणायचं का? तेही खरं नाही. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ निघालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही मंडळी त्यात होती आणि मनोरमाबाई रानडेही होत्या. एकत्र जमायचं, एकमेकांच्या कविता ऐकायच्या आणि त्यावर चर्चा करायची, अशी त्यांची रीत. कौतुक आणि कानउघाडणी एकाच बैठकीत. आपण नेमकी ही बैठकच गाळली आणि नुसता हार-तुऱ्यांचा कार्यक्रम ठेवला.

यातूनच एक वेगळा धंदा उभा राहिलाय. ‘तुमची कविता आमच्या संग्रहासाठी निवडली आहे, अमुक इतके पैसे भरा,’ असा निरोप येतो. माझ्या ओळखीतल्या एका वहिनींनी भिशीचे पैसे त्यात घातले. पुस्तक आलं तर त्यांच्याच कवितेच्या दोन ओळी गायब! छापण्याआधी कुणी ती वाचलीच नव्हती. खऱ्या कौतुकाची भूक भागली नाही, की बाई अशा विकतच्या कौतुकाला भुलते. तिला हसण्यात काय अर्थ आहे?

मोठ्या व्यासपीठावर तरी काय? फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या ९८व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद डॉ. तारा भवाळकरांकडे आलं. लोकसाहित्य आणि बायकांच्या ओव्या यांचा अभ्यास करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, म्हणून आनंद दुप्पट. पण कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि ताराबाई, इतक्या वर्षांत मोजून सहा जणी! वरची वाट एवढी अरुंद असेल, तर गावातली पहिली पायरी तरी आपण नीट बांधायला नको का?

आमच्या मंडळानं आता काही नियम केलेत. कवितेवर नाव नाही, फक्त क्रमांक. म्हणजे अध्यक्षबाईंची जाऊ कोण, ते परीक्षकाला कळतच नाही. प्रवेश फी नाही. प्रत्येक कविता आधी मोठ्यानं वाचायची, मगच गुण द्यायचे. शुद्धलेखनाला गुण नाहीत. ते नंतर शेजारी बसून सुधारता येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येकीला दोन ओळी लिहून द्यायच्या: यातलं काय आवडलं आणि कुठं अडखळायला झालं. चाळीस कविता असतील तर दोन संध्याकाळी जातात. जाऊ देत. हळदीकुंकवाच्या वाणाची चर्चा आपण तीन संध्याकाळी करतोच की!

टँकरच्या कवितेची मालकीण माझ्याकडे येऊन बसली. तुटलेलं यमक जोडायला गेलो, तर ओळीतला जीवच जायला लागला. शेवटी तीच म्हणाली, ‘‘राहू द्या ताई, रांगेत कुणाचा ताल जुळतो?’’ मी गप्प बसले. त्या दिवशी परीक्षक तीच होती.