आधी विश्वास, मग रक्त

शिरूर-दौंडच्या पारधी वस्त्यांत एचआयव्हीची माहिती त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच माणसांनी द्यावी, ही मागणी एका विद्वानांना खटकली. विषाणू जात बघत नाही, सगळ्यांना एकच भित्तिपत्रक पुरे, वेगळे काही केले की अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, असा त्यांचा सूर. विषाणू जात बघत नाही हे खरेच. पोलीस मात्र बघत आले आहेत, आणि सगळी गाठ तिथेच आहे.

1871 मध्ये सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. माणसांची नावे वहीत चढली, हजेरी लागली, गाव सोडायला परवानगी लागली. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला; संशय गेला नाही. आजही चोरी कुठेही होवो, फासेपारध्यांच्या पालावर आधी चौकशी होते. तिथे एक अनोळखी माणूस वही उघडतो, बाईला नाव विचारतो, नवऱ्याचे नाव विचारतो आणि रक्त मागतो. ती आत निघून जाते. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी त्या वहीचा इतिहास एकदा तरी वाचावा. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने चाचणीआधी संमती आणि अहवालाची गुप्तता बंधनकारक केली आहे. पण हा हक्क तिला कळेल अशा शब्दांत सांगितलाच नाही, तर संमती म्हणजे कागदावरचा अंगठा.

संस्कृतीचे नाव काढताच आज नाक मुरडणारी ही मंडळी 2007 मध्ये कुठे होती? तेव्हा शाळांतले लैंगिक शिक्षण संस्कृती बिघडेल म्हणून राज्यात बंद पाडले गेले. आपली ती संस्कृती, पारध्यांची ती अंधश्रद्धा!

खर्च वाढेल म्हणता? एचआयव्हीची औषधे 2004 पासून मोफत आहेत. पण विश्वास नसला की रुग्ण उशिरा येतो, आणि मग ती कमी उपयोगी पडतात.

करायचे एवढेच. वस्तीतल्या बायकांना शिकवा, मानधन द्या. गरोदरपणी चाचणी आणि औषधे झाली तर बाळ बहुधा संसर्गापासून वाचते, नियमित गोळ्यांनी विषाणू दबला की शरीरसंबंधातून पसरत नाही, हे त्यांनीच त्यांच्या बोलीत सांगावे. जातपंचांशीही बोलावे. अहवाल मात्र त्या बाईच्याच हाती जावा. पंचांच्या कानावर तिच्या परवानगीशिवाय एक शब्दही जाता कामा नये.