कायदा कागदावर, न्याय संघटनेच्या बळावर

आदिवासी स्त्रीवर अत्याचार झाला की शासनाला ‘सक्षमीकरण’ आठवते. बचत गट निघतात, शिलाई मशीनचे वाटप होते, मंत्रिमहोदयांचे फोटो छापून येतात. परंतु अत्याचार करणाराच खाकी वर्दीत असेल तर शिलाई मशीन काय कामाचे, असा आमचा सवाल आहे.

१९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोघांनाही निर्दोष सोडले. का, तर अंगावर जखमा नव्हत्या! देशभरातील स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. देशाला कायदा मिळाला. जिच्यामुळे मिळाला तिला मात्र न्याय मिळाला नाही.

१९८९ साली अॅट्रॉसिटी कायदा आला. तो वापरणाऱ्यांची नियत कशी असते, हे २००६ च्या खैरलांजीनंतर आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आंध्र प्रदेशातील वाकपल्लीच्या ११ कोंध आदिवासी स्त्रियांनी २००७ साली पोलिसांवर सामूहिक बलात्काराचा आरोप केला. २०२३ साली आरोपी पोलीस सुटले. तपास नीट झाला नाही असा ठपका न्यायालयाने ठेवला, स्त्रियांना भरपाई देण्यास सांगितले. पोलिसांच्या गुन्ह्याचा तपास पोलिसांच्याच हाती दिल्यावर दुसरे काय होणार?

याउलट तामिळनाडूतील वाचाती पाहा. १९९२ साली चंदन तस्करीच्या नावाखाली वनखाते, पोलीस आणि महसूल खात्याचे लोक या आदिवासी गावात घुसले. घरे लुटली, १८ स्त्रियांवर बलात्कार केले. आरोपी होते २६९ सरकारी नोकर. परंतु गाव फुटले नाही. आदिवासींची संघटना आणि मार्क्सवादी पक्षाचे कार्यकर्ते पाठीशी उभे राहिले, तपास सीबीआयकडे गेला. खटला चालू असतानाच ५४ आरोपी मरण पावले. उरलेल्या सर्व २१५ जणांना २०११ साली दोषी ठरवण्यात आले. २०२३ साली मद्रास उच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली आणि पीडित स्त्रियांना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तीस वर्षे लागली, पण बाया मागे हटल्या नाहीत.

देश एकच, कायदाही एकच. मग निकाल वेगळा का? वाचातीत तपास आरोपींच्या खात्याबाहेर गेला आणि साक्षीदारांमागे संघटना अखेरपर्यंत टिकली. आमच्या मते खरे सक्षमीकरण ते हेच. २००६ च्या वनहक्क कायद्याने जमिनीचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे देण्याची तरतूद केली आहे. तो पट्टा तिच्या हाती पडला पाहिजे. ग्रामसभेत तिचा शब्द चालला पाहिजे. वर्दीवाला आरोपी असेल तेथे तपास बाहेरच्या यंत्रणेकडे गेला पाहिजे.

संविधानाने हक्क दिले. ते बजावून घेण्यासाठी संघटित व्हा, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. गडचिरोली, मेळघाट, नंदुरबारच्या पाड्यावरची बाई कोर्टाची पायरी चढेल त्या दिवशी आणि त्यानंतरच्या प्रत्येक तारखेला, निळा झेंडा तिच्यासोबत दिसला पाहिजे.