‘ठग’: फसवणाऱ्याचा खुनी कसा झाला?

१/७
रीलमध्ये कुणी हजरजबाबी उत्तर दिले की त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा उतरतो आणि ‘ठग लाइफ’ ही अक्षरे झळकतात. इंग्रजीतून परत आलेला हा शब्द मूळचा इथलाच. परदेशवारीत मात्र त्याचा अर्थ पार पालटला.

२/७
संस्कृत ‘स्थग’ म्हणजे लबाड. त्याच कुळातला ‘ठग’ म्हणजे गोड बोलून फसवणारा. मराठीतल्या ‘ठकवणे’, ‘ठकास महाठक’ यांतही चलाखीच आहे, रक्तपात नाही.

३/७
१८३० च्या दशकात कंपनीचा अधिकारी विल्यम स्लीमन याने वाटसरूंचा विश्वास संपादून त्यांचा गळा आवळणाऱ्या टोळ्यांविरुद्ध मोहीम चालवली. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या हा तिचा मुख्य आधार. १८३९ मध्ये मेडोज टेलरची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी इंग्लंडात गाजली आणि ‘ठग’ म्हणजे निर्दय खुनी, हा अर्थ इंग्रजीत रुजला.

४/७
खरी मेख १८३६ च्या तिसाव्या कायद्यात आहे. ठगांच्या टोळीत असल्याचे सिद्ध झाले की सक्तमजुरीसह जन्मठेप. अमुक एक खून सिद्ध करण्याची गरज उरली नाही. ‘ठग’ म्हणजे कोण, याची व्याख्याही कायद्याने केली नाही!

५/७
वाटमारी आणि खून घडतच नव्हते, असे नव्हे. परंतु देशभर पसरलेला, वंशपरंपरागत, कालीभक्त खुन्यांचा एकच पंथ होता काय, याविषयी इतिहासकारांत तीव्र मतभेद आहेत.

६/७
कृत्याऐवजी ओळखीला शिक्षा देण्याची हीच दृष्टी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात दिसते. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला, पण पारध्यांसारख्या जमातींवरचा संशय अजून पुसला गेलेला नाही.

७/७
अमेरिकेत २०१४ मध्ये रिचर्ड शर्मन या कृष्णवर्णीय फुटबॉलपटूने सामना जिंकल्यावर मोठ्या आवाजात मुलाखत दिली, तेवढ्यावरून त्याला ‘ठग’ ठरवण्यात आले. वंशवाचक शिवीला हा आता सभ्य पर्याय झाला आहे, असे त्याने सुनावले. तुपाक शकूरसारख्या रॅपरने हाच शब्द आधी हट्टाने स्वतःच्या अंगावर मिरवला होता. गमतीतला ‘ठग लाइफ’ तिथून आला.
गंमत जरूर करावी. मात्र एखाद्या माणसाला वा जमातीला कुणी ‘ठग’ म्हटले, तर एक प्रश्न विचारलाच पाहिजे: त्याने नेमके केले काय? १८३६ च्या कायद्याने हा प्रश्न टाळला होता.