आकाशातही दोन पंगती?

29 मे 2022 रोजी नेपाळमधील पोखऱ्याहून जोमसोमकडे निघालेले तारा एअरचे छोटे विमान मुस्तांगच्या डोंगरावर कोसळले आणि विमानातील 22 ही जण मरण पावले. त्यात आपल्या ठाण्याच्या एकाच कुटुंबातील चौघे होते. नेहमीप्रमाणे हळहळ व्यक्त झाली, पण विचारायला हवा होता तो प्रश्न मागेच राहिला. ज्या देशातील सगळ्याच विमान कंपन्यांना युरोपीय संघाने डिसेंबर 2013 मध्ये आपल्या आकाशात बंदी घातली, त्या देशाच्या शेजाऱ्यांनी पुढच्या साडेआठ वर्षांत काय केले? आणि त्या शेजाऱ्यांत आपणही आहोत.

विमान वाहतुकीचा जागतिक कायदा 7 डिसेंबर 1944 च्या शिकागो करारावर उभा आहे. 52 राष्ट्रांनी त्यावर सह्या केल्या आणि त्यातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना जन्माला आली. तिचे मुख्यालय मॉन्ट्रियलला, तर आशिया-पॅसिफिकचे कार्यालय बँकॉकला आहे. कराराचे पहिलेच कलम सांगते की प्रत्येक राष्ट्र आपल्या आकाशाचे पूर्ण मालक आहे. 37 वे कलम सांगते की सर्वांनी शक्य तितके एकसारखे नियम पाळावेत. आणि 38 वे कलम पळवाट देते : ज्याला नियम पाळणे जमत नाही त्याने तसे कळवावे. ही संघटना देशांची तपासणी करते, दोष दाखवते, ते जगापुढे मांडते. पण तिच्या हातात दंडुका नाही. दंडुका आहे तो श्रीमंत राष्ट्रांच्या हातात, आणि तो ते आपल्या नागरिकांसाठी वापरतात.

युरोपची काळी यादी कोणाचे रक्षण करते? युरोपच्या प्रवाशाचे. त्याला आधीच सावध केले जाते. त्यात गैर काही नाही. आपल्या माणसाचा जीव जपणे हे प्रत्येक शासनाचे कर्तव्यच आहे. पण हुमला, डोल्पा यांसारख्या दुर्गम जिल्ह्यांतील बाईला आजारी लेकरू घेऊन मोठ्या इस्पितळात जायचे असेल तर तिने कोणती यादी पाहायची? आपल्या खेड्यात जशी एस.टी., तसे तिथे विमान. ती चैन नाही, गरज आहे. युरोपने नाकारलेल्याच कंपनीच्या विमानात ती बसते, कारण तिच्यापुढे दुसरा मार्ग नसतो. एकाच आभाळाखाली सुरक्षिततेच्या या दोन पंगती आहेत. पंगतीचा भेद काय असतो, हे आम्हाला कोणी शिकवण्याची गरज नाही.

15 जानेवारी 2023 रोजी पोखऱ्यात यती एअरलाइन्सचे विमान पडून 72 जण गेले. 24 जुलै 2024 रोजी काठमांडूत सौर्य एअरलाइन्सच्या विमानात 18 जण गेले. दर वेळी डोंगराला, ढगांना, नाही तर मेलेल्या वैमानिकाला दोष दिला जातो. डोंगर अवघड आहेत आणि वैमानिकही चुकतो, हे खरे. पण रोग त्याहून खोल आहे. नेपाळमध्ये विमानतळ चालवणारी आणि विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणारी संस्था एकच राहिली. स्वतःच्याच प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे पहिले तत्त्व आम्ही वकील रोज न्यायालयात सांगतो. ज्याने विमानतळाचा गल्ला सांभाळायचा, त्यानेच त्या विमानतळावर शिक्षेचा बडगा उगारायचा, हे कसे शक्य आहे? या संस्थेचे दोन भाग करण्याची विधेयके आली आणि रखडली. मॉन्ट्रियलच्या संघटनेने 2017 मध्ये आपला गंभीर आक्षेप मागे घेतला, तरी युरोपच्या 2025 च्या यादीतही नेपाळ कायम राहिला.

लहान देशाला प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी जाणकार निरीक्षक ठेवणे परवडत नाही. ठेवला तर कंपन्या त्याला दुप्पट पगार देऊन पळवतात. त्यावर उपाय आहे : शेजारी देशांनी निरीक्षक, प्रशिक्षण आणि अपघातांची माहिती सामाईक करणे. युरोपने 2002 मध्ये कायदा करून सामाईक संस्था उभी केली आणि तिला अधिकार दिले. पॅसिफिकमधील चिमुकल्या बेटांनी 2004 मध्ये करार केला. पूर्व आफ्रिकेच्या देशांची संस्था 2007 मध्ये स्थापन झाली, तिचे मुख्यालय युगांडातील एन्टेबे येथे आहे. आणि दक्षिण आशिया? भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, भूतान आणि मालदीव यांच्यासाठी सहकार्याचा एक कार्यक्रम 1990 च्या दशकातच सुरू झाला. प्रशिक्षण झाले, सल्ले दिले गेले. पण सल्ला ऐकलाच पाहिजे, असे बंधन मात्र आले नाही.

आशिया-पॅसिफिकच्या मंत्र्यांनी 2018 मध्ये बीजिंगला एक जाहीरनामा केला, सप्टेंबर 2024 मध्ये दिल्लीला दुसरा केला. दिल्लीच्या परिषदेत पंतप्रधानांनी बुद्धाची पवित्र स्थळे विमानमार्गाने जोडण्याची कल्पना मांडली. लुंबिनीजवळ भैरहवा येथे गौतम बुद्धांच्या नावाचा आंतरराष्ट्रीय विमानतळ 16 मे 2022 रोजी, म्हणजे ठाण्याचे ते कुटुंब जाण्याच्या तेराच दिवस आधी, सुरू झाला होता. लुंबिनीला आमची माणसे जरूर जावीत, पण सुखरूप परतही यावीत. बुद्धांचे नाव धावपट्टीला देऊन भागत नाही. करुणा असेल तर ती यंत्राच्या तपासणीत दिसली पाहिजे.

नेपाळकडे बोट दाखवताना आपले घरही पाहिले पाहिजे. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरीवर दोन विमाने हवेतच धडकली, 349 माणसे मेली, तेव्हा कुठे आपल्याला टक्कर टाळणाऱ्या यंत्राची सक्ती सुचली. जानेवारी 2014 मध्ये अमेरिकेने आपल्या नियंत्रण यंत्रणेचा दर्जा खाली आणला. तो परत मिळायला एप्रिल 2015 उजाडले. 12 जून 2025 रोजी अहमदाबादेत 260 बळी गेले. त्यानंतर संसदीय समितीने दाखवून दिले की, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची जवळपास निम्मी पदे रिकामी आहेत. हे महासंचालनालय आणि अपघाताची चौकशी करणारी यंत्रणा या दोन्ही एकाच मंत्रालयाखाली आहेत. मग नेपाळला कोणत्या तोंडाने शिकवणार?

काही जण म्हणतील, यात सार्वभौमत्वाचे काय? शेजाऱ्यांना भारताच्या थोरल्या भावपणाची भीती वाटते, ती अगदीच खोटी नाही. म्हणूनच ही संस्था भारताची नको, कराराने बांधलेली हवी, आणि तिथे भूतानचे मत भारताच्या मताइतकेच मोजले गेले पाहिजे. दुसरी अडचण राजकारणाची. एप्रिल 2025 मध्ये भारत-पाकिस्तानने एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केले. भांडणे राहतील, पण भांडणातही अपघाताची माहिती आणि धोक्याचा इशारा थांबता कामा नये.

आमची मागणी स्पष्ट आहे. दक्षिण आशियात अधिकार असलेली सामाईक सुरक्षा संस्था हवी. प्रत्येक देशात विमानतळ चालवणारा आणि त्याच्यावर नजर ठेवणारा वेगळा हवा. अपघाताची चौकशी मंत्र्याच्या हाताखाली नको. आणि सुरुवात भारताने आपल्या रिकाम्या खुर्च्या भरून करावी.

राज्यघटना कितीही चांगली असली तरी ती राबवणारे वाईट असतील तर ती वाईट ठरते, असा इशारा बाबासाहेबांनी संविधान सभेत दिला होता. विमानाचे नियमही तसेच आहेत. ते शिकागोत लिहिले गेले, पण माणसे जोमसोमच्या वाटेवर मेली. त्यांच्या जिवाचे मोल युरोपच्या प्रवाशाइतकेच आहे, हे ज्या दिवशी आपली शासने कायद्याने मान्य करतील, त्या दिवशी आकाशातली ही दुसरी पंगत उठेल.